कंधारकर सरांचा रद्दा

मार्तंड कंधारकर सरांनी लाल पेनाचं टोपण काढलं की दुसऱ्या वर्षाच्या वर्गात भल्याभल्यांची दातखीळ बसायची. विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या आर्किटेक्चर कॉलेजात सर तीस वर्षं बांधकाम शिकवत होते, आणि तीस वर्षं म्हणजे काही खायचं काम नव्हे. पाया किती खोल, विटेवर वीट कशी, वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर का येऊ द्यायचा नाही, हे सगळं ते फळ्यावर खडूनं असं काढायचे की पुसायला शिपाईसुद्धा बिचकायचा. आता एवढ्या वर्षांत सरांनी स्वतःच्या हातानं एकही वीट लावलेली नव्हती, ही गोष्ट वेगळी. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

सरांची मंजुरी आणि नामंजुरी यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. शीट पसंत पडलं तर खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं मुंगीएवढी सही. दिसली तर दिसली. पसंत नाही पडलं तर मात्र सगळ्या कागदावर आडवंतिडवं, लाल शाईत: रद्द! त्यातलं उद्गारचिन्ह ते इतकं खच्चून ओढायचे की कागद फाटायचा, आणि त्या भरात खालचा ठिपका द्यायचं हटकून राहून जायचं. पोरं मागून त्यांना रद्द सरच म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

यंदा प्राचार्य चंद्रप्रभा मॅडमच्या डोक्यात नवंच खूळ शिरलं. पोरांनी नुसती भिंत काढायची नाही, बांधायची. जागाही त्यांनीच दाखवली. सायकल स्टँडच्या मागची भिंत तीनदा पडली होती. अर्ध्या विटेच्या जाडीची सरळ भिंत ती, मागच्या रानातल्या म्हशी येऊन तिला अंग घासायच्या आणि भिंत बिचारी आडवी व्हायची. मॅडमनी नऊशे विटा दिल्या आणि म्हणाल्या, "तेहतीस फूट लांब, चार फूट उंच. प्रत्येकानं आपापलं शीट काढायचं. त्यातलं एक बांधायचं. पण टर्म मिळायला प्रत्येकाचं शीट मंजूर पाहिजे. शनिवारी पाच वाजता रजिस्टर माझ्या टेबलावर."

शिकवायला म्हणून त्यांनी लातूरकडून महादेवीबाईंना बोलावलं. भूकंपानंतर त्या भागात घरं उभी करताना बायांनाही गवंडीकाम शिकवलं होतं, त्यातल्या या. तेव्हा पंचविशीच्या होत्या, आता साठीला टेकल्या होत्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. अक्षरं जुळवायला शिकल्या त्या सिमेंटच्या गोण्यांवरून.

"थापी चालवणं आणि शिकवणं यांत फरक असतो, मॅडम," सर म्हणाले.

"असतो ना," मॅडम म्हणाल्या. सरांना ते फार झोंबलं.

एकवीस पोरांची शीटं या ना त्या फेरीत मंजूर झाली. अडली एकटी सुकन्या. मुखेडजवळच्या खेड्यातली पोरगी, घरची कोरडवाहू शेती, बोलायला कमी आणि हट्टाला पक्की. तिनं भिंत सरळ काढलीच नव्हती. नागमोडी काढली होती. डावीकडे वळते, उजवीकडे वळते, पुन्हा डावीकडे, आणि जाडी अर्ध्या विटेचीच.

"ही भिंत आहे का गोदावरी?" सरांनी विचारलं. वर्ग हसला.

"सर, म्हणजे ती सरळ नसल्यामुळंच..."

तोवर लाल पेन कागदावरून फिरलंही होतं. रद्द! ही तिसरी वेळ होती.

"अर्ध्या विटेची भिंत उभी राहत नाही. हाताचा धक्का बसला की पडेल. शनिवारपर्यंत सरळ, एक विटेच्या जाडीची भिंत काढून आण. नाहीतर टर्म गेली समज."

सुकन्याचा चेहरा पडला. टर्म जाणं म्हणजे काय, ते साऱ्या वर्गाला माहीत होतं. तिच्या वडिलांना, रामकिशनरावांना, पोरगी डॉक्टर व्हायला हवी होती. बारावीनंतर लातूरच्या क्लासला घातलंही होतं. तिथं वर्षभर घासून ती म्हणाली, मला घरं बांधायचीत. रामकिशनराव आठ दिवस बोलले नाहीत, आणि मग एका अटीवर हो म्हणाले. एक वर्षसुद्धा वाया जाता कामा नये. गेलं, तर गुमान परत लातूर, परत तोच क्लास. माणूस शब्दाचा पक्का होता.

तरी पोरीनं शीट उचललं नाही. "मी नेणार न्हाई हे," एवढंच म्हणाली आणि ते सरांच्या टेबलावर तसंच ठेवून निघून गेली. सर मनात म्हणाले, पालथ्या घड्यावर पाणी.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं सर लातूरला गेले. तिथल्या एका कॉलेजात तोंडी परीक्षा घ्यायच्या होत्या, शुक्रवारपर्यंत. बांधायला त्यांनी सत्यमचं शीट निवडलं होतं. सरळ भिंत, एक वीट जाडी, दर आठ फुटांवर खांब, पुस्तकातून उचलून ठेवल्यासारखी. अहमदपूरच्या स्टँडवर चहा घेता घेता त्यांनी महादेवीबाईंना फोन लावला.

"बाई, माझ्या टेबलावर दोन शीटं आहेत. ज्याच्यावर माझ्या हातचं आहे, तेच बांधायचं. कळलं?"

"हाव सर. तुमच्या हातचं आसंल त्येच."

मग पाच दिवस सरांनी लातुरात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. रोज संध्याकाळी सत्यमला फोन.

"काम कसं चाललंय?"

"शीटप्रमाणं चाललंय सर."

"सांध्यावर सांधा येत नाही ना?"

"एकबी न्हाई सर."

"विटा भिजवता ना रे?"

"भिजवून राहिलो सर. भिंतीलाबी दोन टाइम पाणी मारून राहिलो."

सर खूश. लातूरच्या परीक्षकांना त्यांनी जेवताना सांगितलंही, की आमची पोरं भिंत बांधतायत, आणि मी इथं बसून, बरं का, सगळं नियंत्रणात. आता सत्यमनं फोनवर सांगितलेला प्रत्येक शब्द खरा होता हो, पोरं अक्षरानं खोटं बोलली नव्हती. फक्त कुठलं शीट, ते सरांनी विचारलं नाही आणि सत्यमनं सांगितलं नाही.

शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला सर खांद्याला बॅग अडकवून थेट सायकल स्टँडमागं गेले, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भिंत उभी होती. चार फूट उंच, लालचुटूक, ओली, आणि स्टँडपासून लिंबाच्या झाडापर्यंत वळत, लचकत गेलेली. पोरं दोन्ही बाजूंना उभी. सुकन्या सगळ्यांच्या मागं, हातात कागदाची गुंडाळी धरून.

"ही कुणी बांधली?"

"आमी," महादेवीबाई म्हणाल्या. "सामान झ्याक होतं सर. पोरंबी गुणाची हायत."

"अहो, पण हे शीट तर मी..." सरांचा आवाज चढला. "तुम्हाला मी काय सांगितलं होतं?"

"तुमच्या हातचं आसंल त्ये बांधा म्हणलात. दुसऱ्यावर तर काईच नव्हतं लिव्हलेलं." बाईंनी पिशवीतून शीट काढून सरांसमोर धरलं आणि लाल अक्षरांवर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत वाचलं. "ह्ये बघा की. तुमीच लिव्हलंय. र... द्दा. रद्दा."

सरांनी पाहिलं. ठिपका न दिलेलं उद्गारचिन्ह. उभा, ठसठशीत, कागद फाडून गेलेला काना.

"रद्दा म्हणजे काय?" सरांनी विचारलं.

बाईंना वाटलं सर गंमत करतात. "रद्दा म्हंजी रद्दा, सर. इटंचा एक थर. ह्यो पयला रद्दा, ह्यो दुसरा रद्दा. निजामाच्या काळापासनं समदे गवंडी रद्दाच म्हणतेत. मला वाटलं, सरांनी लिव्हलंय, लावा रद्दा."

मागं कुणीतरी फस्सकन हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं. सरांनी मान वळवली. "तुम्ही सगळे मेले होतात का? तुम्हाला वाचता येतं ना? सुकन्या, तू?"

"तिनं सांगितलं होतं सर," सत्यम पुढं झाला. "तीनदा सांगितलं. आमच्या म्होरं. ती म्हणली, मावशी, सरांनी हे रद्द केलंय. तर मावशी म्हणल्या, केलाय कुठं बाई, करायचाय अजून, इटा तर भिजू दे. मग ती म्हणली, तसं न्हाई, रद्द म्हणजे करायचं न्हाई. तर मावशी म्हणल्या, रद्दा करायचा न्हाई, मंग भिंत काय वरून टांगायची? मग ती म्हणली, सर रागावतील. तर मावशी म्हणल्या, रागावणारा मानूस एवढ्या मोठ्या अक्षरात कामून लिव्हंल?"

आता मात्र कुणालाच आवरेना. एकवीस पोरं पोट धरून हसली. सुकन्या तेवढी हसली नाही. तिचं लक्ष सरांच्या मनगटावरच्या घड्याळाकडे होतं.

"पाडा!" सर गरजले. "पाडा ही भिंत!"

हसणं जागच्या जागी थांबलं. महादेवीबाईंनी पदराला हात पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, "पाडायला मानसं कशाला लावता सर? तुमी पोरीला म्हणलात म्हणं, हाताचा धक्का बसला की पडंल. मंग द्या की धक्का. घाव घालायची गरजच न्हाई."

म्हणजे झालं, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. सरांनी बॅग खाली ठेवली. आधी एका हातानं ढकलून पाहिलं. मग दोन्ही हातांनी. मग चष्मा काढून सत्यमकडे दिला आणि खांदा लावून असा रेटा दिला की चपला मातीत रुतल्या. भिंत जागची हलली नाही. सरांचा सदरा तेवढा ओला झाला.

"मधे नाही, टोकाला," सर धापा टाकत म्हणाले. टोक मोकळं असतं, टोकाला जीव नसतो, हे त्यांनी तीस वर्षं शिकवलं होतं. ते लिंबाच्या झाडापाशी गेले. तिथं भिंतीचं टोक आत वळवून पुन्हा भिंतीलाच भिडवलं होतं. सरांनी तिथंही खांदा लावला. तिथंही तेच.

"शीटमधे टोक मी मोकळंच सोडलं होतं सर," सुकन्या पुढं येत म्हणाली. "ते चुकलं होतं माझं. मावशींनी वळवलं."

"मोकळं टोक पयलं जातंय," बाई म्हणाल्या. "म्या बघितलंय आमच्याकडं. घराचा कोपरा सुटला की घर गेलं. आतली मानसंबी गेली."

सरांनी चष्मा परत घातला. खाली बसले, भिंतीचा बाक पाहिला, उठून वरून पाहिला. राग कुठं गेला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पण त्याच्या जागी जे आलं, ती लाज आहे हे त्यांना चांगलं समजत होतं.

"का उभी आहे ही?" त्यांनी सुकन्याला विचारलं. या खेपेला हातात पेन नव्हतं.

"पत्र्यामुळं, सर."

"पत्रा?"

"आमच्या गोठ्यावर पत्रे हायत. आहेत. सपाट पत्रा असतो ना, तो दोन पोरांनी धरला तरी मधे वाकतो. पन्हाळीचा पत्रा वाकत न्हाई. जाडी तीच, फक्त वळणं. मग मला वाटलं, भिंतीचंबी तसंच असंल. सरळ भिंत साडेचार इंचांवरच उभी असते. ही वळते, त्यामुळं तिचा पाय दोन फूट रुंद होतो. आणि विटा कमी लागतात."

"किती लागल्या?"

"आठशे साठ."

सरांनी भिंतीच्या बाकावरून हात फिरवला. "हे तू मला त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगत होते सर," सुकन्या म्हणाली. "तुम्ही पेनाचं टोपण काढलं."

चार वाजून गेले होते. सर आपल्या खोलीत आले, पाठोपाठ सुकन्या आली आणि तिनं हातातली गुंडाळी त्यांच्या टेबलावर उघडली. सरळ भिंत होती. एक विटेची, खांबांसकट, सांधे मोजून, अक्षर सरांच्या अक्षरासारखं. एक रेघ इकडची तिकडे नव्हती.

"आणलंय सर. तुम्ही म्हणला होता तसं."

सरांनी पेन्सिल हातात घेतली. सही केली की प्रश्न मिटत होता. पोरीची टर्म वाचत होती, रजिस्टर वेळेवर जात होतं, बाहेरची भिंत हा एक विनोद म्हणून वर्षभर सांगता आला असता.

"ही भिंत नऊशे विटांत होते?" त्यांनी विचारलं.

"न्हाई सर. तेराशे लागतील."

"मग काढलीस कशाला?"

"वर्ष वाचवायला, सर."

तिच्या बोटांची टोकं सिमेंटनं खाल्ली होती, सोलवटून लाल झाली होती. तसल्या बोटांनी तिनं ही खोटी भिंत एवढी सुबक काढली होती. सरांना एकदम भरून आलं. आपण शिकवलं ते हेच, त्यांच्या मनात आलं, खरी भिंत मागं ठेवायची आणि सरांना आवडेल ती पुढं करायची. त्यांनी पेन्सिल ठेवून दिली, शीटची गुंडाळी केली आणि तिच्या हातात परत दिली.

"हे घरी ने. मला नको."

सुकन्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "सर, पाच वाजता..."

"थांब गं जरा." सरांनी रजिस्टर ओढलं. तिच्या नावासमोर मंजूर लिहिलं, पूर्ण सही केली, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'शीट सायकल स्टँडमागे उभे आहे. जाऊन पाहावे.'

मग स्वतःच ते रजिस्टर घेऊन चंद्रप्रभा मॅडमकडे गेले. मॅडमनी शेरा दोनदा वाचला.

"हे काय, कंधारकर? उद्या तपासणीला कुणी आलं तर मी त्यांना काय दाखवू?"

"त्यांना म्हणावं, या आणि ढकला."

मॅडम उठल्या, मागं गेल्या, भिंतीला हात लावून पाहिला, मग कुणी बघत नाही असं पाहून चांगला दोन्ही हातांनी रेटूनही पाहिला. परत आल्या आणि सही केली. सुकन्यानं कॉरिडॉरमधूनच मुखेडला फोन लावला. "आण्णा, झालं मंजूर," एवढं बोलली आणि पुढं तिला बोलताच येईना. पलीकडून रामकिशनराव "हॅलो, हॅलो, आगं काय मंजूर?" म्हणून ओरडत होते, ते सरांच्या खोलीपर्यंत ऐकू येत होतं.

जायच्या आधी सर वर्गात आले. "यंदा मी ज्याचं ज्याचं शीट रद्द केलंय, त्यानं ते सोमवारी घेऊन यावं," ते म्हणाले. "मी विचारीन, असं का काढलं. तुम्ही सांगायचं. मी मधे बोलणार नाही." वर्गाला वाटलं सरांना लातूरची हवा मानवली नाही.

सोमवारी सकाळी दहाला सरांच्या खोलीबाहेर ही रांग लागली. फाटलेली, दुमडलेली, कुणी रागात फेकून पुन्हा पलंगाखालून काढलेली शीटं घेऊन पोरं उभी. सरांनी खुर्ची सरसावली. पहिला आत आला तो सत्यम.

"तू कशाला रे? तुझं तर मंजूर आहे."

"हाव सर. त्येच विचारायचंय." सत्यमनं शीट पसरलं. कोपऱ्यात पेन्सिलीची मुंगीएवढी सही होती. "विटा नऊशे होत्या. मी काल मोजून बघितलं. तेवढ्यात माझी भिंत कमरेलाबी लागत न्हाई. म्हणजे ती बांधताच आली नसती. मग माझं कामून मंजूर केलं सर?"

पोरगा खोडी काढत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. सरांनी शीटकडे पाहिलं, सहीकडे पाहिलं, दाराबाहेरच्या रांगेकडे पाहिलं. तीस वर्षांत किती मुंग्या काढल्या असतील, त्याचा त्यांना अंदाज येईना.

"मी बघितलंच नव्हतं रे," सर म्हणाले. "मी शिकवलं तसं काढलं होतंस, म्हणून केलं."